चित्राखालची ओळ

स्कॉटलंडच्या कुठल्याही मोठ्या ऑनलाइन चित्रसंग्रहात 'हायलंड' (उत्तरेचा डोंगराळ प्रदेश) एवढाच शब्द टाकून पाहा. डोंगर येतात, धुकं येतं, सरोवराच्या काठचा पडका किल्ला येतो. माणूस मात्र क्वचित दिसतो. पाच-पन्नास चित्रं सरकवली की मनात एक देश तयार होतो: देखणा, उदास आणि रिकामा. हा रिकामेपणा निसर्गानेच दिला असावा असं वाटतं, कारण चित्राखाली वेगळं काही लिहिलेलं नसतं. खोऱ्याचं नाव, दिशा, एक क्रमांक, संपलं. त्याच खोऱ्यात कधी गावं नांदत होती, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत जमीनमालकांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी तिथली कुळं उठवली आणि कॅमेरा पोचेपर्यंत छपरंही उरली नव्हती, यातलं काहीच त्या ओळीत नाही.

स्कॉटलंडच्या सार्वजनिक संस्थांनी गेल्या तीस वर्षांत स्कॅनिंगचं प्रचंड काम केलं. १९९६ मध्ये 'स्क्रॅन' हे ऑनलाइन दालन उभं राहिलं, तेव्हा शाळेतल्या मुलाला संग्रहालयातलं चित्र पडद्यावर दिसणं हीच नवलाई होती. २०२५ मध्ये हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी वारसा संस्थेने 'स्क्रॅन' आणि 'कॅनमोर' ही दोन्ही जुनी दालनं 'ट्रोव्ह' या एकाच छपराखाली आणली. अ‍ॅबर्डीन विद्यापीठाकडे जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन यांच्या पेढीच्या ३५ हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आहेत. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाकडे डंडीच्या व्हॅलेंटाइन कंपनीची लाखाहून जास्त चित्रं आहेत. शेटलंडचं संग्रहालय, हायलंडचं द्विभाषिक 'अम बाले', एडिंबराच्या ग्रंथालयांचं 'कॅपिटल कलेक्शन्स', ग्लासगोच्या मिचेल ग्रंथालयाचा संग्रह: यादी लांबवता येईल. पण या कामाचं मोजमाप अजूनही 'किती चित्रं चढवली' यावरच होतं. आमचं म्हणणं असं की पुढचा सार्वजनिक पैसा आणि माणूसबळ नवीन स्कॅनिंगआधी चित्राखालच्या ओळीवर, म्हणजे नोंदीवर, खर्च व्हायला हवं. शोधखिडकीला चित्र दिसत नसतं, तिला फक्त ती ओळ दिसते. जे ओळीत नाही ते संग्रहात असूनही नसल्यातच जमा.

ही ओळ मुळात लिहिली कोणी, इथून सुरुवात करू. विल्सन हे अ‍ॅबर्डीनचे, पोर्ट्रेट रंगवणारे चित्रकार. व्हिक्टोरिया राणीचा बाल्मोरलला मुक्काम सुरू झाल्यावर त्यांना राजाश्रय मिळाला, आणि पुढे त्यांची पेढी देशातल्या सगळ्यात मोठ्या छायाचित्र-व्यवसायांपैकी एक झाली. गिऱ्हाईक होतं रेल्वेने आणि आगबोटीने येणारा पर्यटक. निगेटिव्हच्या खालच्या कडेला ठिकाणाचं नाव, अनुक्रमांक आणि 'जी.डब्ल्यू.डब्ल्यू.' ही आद्याक्षरं लिहिलेली असत. व्हॅलेंटाइनच्या चित्रांवर 'जे.व्ही.'. म्हणजे ही ओळ दुकानातल्या मालावरची चिठ्ठी होती. कोणता माल पुन्हा मागवायचा हे कारकुनाला कळावं यासाठी ती लिहिलेली. संग्रह विद्यापीठात आला, काच स्कॅन झाली आणि चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा 'शीर्षक' या रकान्यात टंकला गेला. दीडशे वर्षांपूर्वी विक्रीसाठी केलेली निवड आज स्कॉटलंडच्या वारशाची अनुक्रमणिका होऊन बसली आहे.

सेंट किल्डाचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. अटलांटिकमधल्या या बेटावर १८८६ मध्ये काढलेलं, विल्सनच्या पेढीने विकलेलं एक छायाचित्र जगभर फिरलं आहे: दगडी घरांपुढच्या वाटेवर दोन रांगांत उभे असलेले दाढीवाले पुरुष. शीर्षक, 'सेंट किल्डाची पार्लमेंट'. बेटावरचे पुरुष रोज सकाळी जमून त्या दिवशीचं काम ठरवत: कड्यावर पक्षी धरायला जायचं की होडी काढायची. त्या बैठकीला 'पार्लमेंट' म्हणण्याची हौस बाहेरच्यांची. बेटाचं नावदेखील नकाशावाल्यांच्या गोंधळातून आलेलं. किल्डा नावाचा संत कुठे सापडत नाही, आणि राहणारे लोक बेटाला आपल्या गेलिक भाषेत हिर्त म्हणत. २९ ऑगस्ट १९३० ला उरलेली ३६ माणसं स्वतःच्या विनंतीवरून बेट सोडून गेली. आता 'सेंट किल्डा' टाकलं तर शेकड्यांनी चित्रं मिळतात. 'हिर्त' टाकलं तर मिळतात ती तिथेच, जिथे कोणीतरी मुद्दाम दुसरं नाव नोंदवलं आहे. हे मुद्दाम नोंदवणं म्हणजेच आम्ही मागतो आहोत ते काम.

२०२५ च्या कायद्याने गेलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांना स्कॉटलंडमध्ये अधिकृत दर्जा दिला. २०२२ च्या जनगणनेत गेलिक थोडीफार तरी येणारे १ लाख ३० हजार लोक निघाले. त्या दर्जाचा रोजच्या जगण्यातला अर्थ काय, हे पाहायला चित्रसंग्रहाची शोधखिडकी ही फार चांगली जागा आहे. स्टॉर्नोवे आणि स्तोर्नवाघ एकच गाव आहे हे यंत्राला माहीत हवं. गेलिकमध्ये मॅक आडनावाच्या घरातली मुलगी 'निक' लावते, हे माहीत नसलेल्या कॅटलॉगमध्ये एकाच बाईची दोन माणसं होतात. स्वरांवरच्या आघातखुणा टंकल्या तरच निकाल द्यायचे, असा हट्ट धरणारी शोधप्रणाली मूळ भाषकालाच बाहेर ठेवते, कारण फोनच्या कळफलकावर ती खूण सहज सापडत नाही.

चांगली ओळ कशी असते याचा नमुनाही याच बेटांतून मिळतो. मार्गारेट फे शॉ ही अमेरिकन बाई १९२९ मध्ये साउथ उइस्टला गेली आणि पेगी व मारी मॅकरे या दोन बहिणींच्या घरी सहा वर्षं राहिली. गाणी उतरवून घेतली, जोडीला छायाचित्रं काढली. आज तो ठेवा कॅना बेटावरच्या घरात नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे. तिच्या चित्रांत पीट (जळणाची दलदलीतली माती) कापणारी, मेंढ्या हाकणारी माणसं नावानिशी येतात, कारण ती त्यांच्याच चुलीपाशी बसत होती. विल्सनच्या माणसाकडे परतीच्या बोटीपर्यंतचा वेळ असायचा. दोघांची कॅमेऱ्यावरची पकड उत्तमच होती. दोन संग्रहांतला फरक ओळखीचा आहे.

नावाला किती किंमत असते ते एडिंबरामध्ये छायाचित्रणाच्या अगदी पहाटेच दिसतं. १८४३ च्या मे महिन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये फूट पडली आणि शेकडो धर्मोपदेशक बाहेर पडले. चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल यांना तो प्रसंग भव्य कॅनव्हासवर उतरवायचा होता. चेहरे टिपायला त्यांनी रॉबर्ट अ‍ॅडमसन या तरुण छायाचित्रकाराशी भागीदारी केली. कागदी निगेटिव्हची टॅलबट यांची कॅलोटाइप पद्धत इंग्लंडमध्ये पेटंटखाली होती, स्कॉटलंडमध्ये नव्हती; हे त्यांच्या पथ्यावर पडलं. कॅल्टन टेकडीवरच्या रॉक हाउसच्या अंगणात, लख्ख उन्हात, डोकं हलू नये म्हणून मागे टेकू लावून चित्रं घेतली जात. १८४८ मध्ये अ‍ॅडमसन अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारले; तोवर दोघांनी काही हजार चित्रं केली होती. उपदेशकांची नावं व्यवस्थित टिकली, कारण कॅनव्हासवर कोण कुठे हे कळणं भागच होतं. त्याच जोडीने जवळच्या न्यूहेवन या कोळीवाड्यातही कॅमेरा नेला. तिथल्या पट्ट्यापट्ट्यांचे परकर नेसलेल्या, पाठीवर मासळीची टोपली घेतलेल्या बायकांपैकी एलिझाबेथ जॉनस्टन हॉलसारखी मोजकी नावं शिल्लक आहेत. बाकी पुष्कळशा 'न्यूहेवनची मासेवाली' एवढ्यावरच राहिल्या.

हिल-अ‍ॅडमसन यांच्या या चित्रांत मुंबईचा एक माणूस आहे आणि मराठी वाचकाने त्याला जरूर शोधावं. १८३९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याकडे बाप्तिस्मा घेतलेले पारशी तरुण धनजीभाई नौरोजी. ते प्रकरण मुंबईच्या कोर्टापर्यंत गेलं होतं. हे तेच जॉन विल्सन, गिरगाव चौपाटीवरचं कॉलेज ज्यांच्या नावाने आहे. १८४३ मध्ये विल्सन मायदेशी गेले तेव्हा धनजीभाईही बरोबर होते, आणि हिल-अ‍ॅडमसन यांनी त्यांचं चित्र घेतलं. पण इंग्रजी नोंदींत त्यांचं नाव 'धनजिओबाई' वाचावं असं लिहिलेलं आढळतं. भाईचं बाई झालं. मुंबईच्या कागदपत्रांत ज्या स्पेलिंगने ते भेटतात त्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला हे चित्र सापडत नाही, आणि कॅटलॉग करणाऱ्याला त्यात काही चुकलंय अशी शंकाही येत नाही. पर्यायी नावांचा एक रकाना भरला असता तर एवढं पुरलं असतं. विषय आडनावांचा आणि उच्चारांचा असतो तेव्हा ज्यांच्या कानाला ते नाव ओळखीचं आहे त्यांनाच विचारावं लागतं, मग ते लुइस बेटावर असोत की गिरगावात.

आता कोणी म्हणेल, दीडशे वर्षांनी नावं आणायची कुठून? चित्रातूनच पुष्कळ निघतं, फक्त बसून वाचावं लागतं. विक या उत्तरेकडच्या बंदरातल्या जॉन्स्टन घराण्याने तीन पिढ्या काढलेल्या काचा घ्या. हेरिंग मासळीच्या हंगामाचं एवढं तपशीलवार चित्रण क्वचितच कुठे असेल. १८६८ च्या कायद्याने मासेमारी होड्यांना नोंदणीची अक्षरं आणि क्रमांक आले: डब्ल्यूके म्हणजे विक, एसवाय स्टॉर्नोवे, पीडी पीटरहेड, एलके लर्विक, एलएच लीथ. अक्षरं वाचता आली की होडी कुठली ते कळलं. क्रमांक वाचता आला की नोंदवहीत मालकाचं नाव. होडीचा आकारही तारीख सांगतो. पुढचा-मागचा दोन्ही खांब सरळ असेल तर ती 'फायफी'. पुढचा खांब सरळ आणि मागचा तिरका झुकलेला असेल तर 'झुलू'. हा घाट १८७९ मध्ये लॉसीमथला निघाला, तेव्हा झुलू युद्ध चालू होतं म्हणून हे नाव. झुलू दिसत असताना नोंदीत १८७० लिहिलं असेल तर नोंद चूक. धक्क्यावर तीन बायका एकत्र उभ्या असतील तर ती बहुधा एक टोळी: दोघी मासा चिरून साफ करणाऱ्या, तिसरी पिंपात मीठ घालून थर रचणारी. पिंपाच्या तळाशी हात पोचावा म्हणून रचणारी सहसा उंच असे. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या दिसतात, त्या सुरीपासून आणि मिठापासून बचाव म्हणून. 'हेरिंग गर्ल्स, विक' या ओळीखाली हे सगळं असतं आणि त्यातलं काहीही शोधता येत नाही.

पोस्टकार्डांचंही असंच. ब्रिटनमध्ये १९०२ पासून पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहिण्याची मुभा मिळाली. त्याआधी मजकूर चित्राच्याच बाजूला कोंबावा लागे. अर्ध्या पेनीचं तिकीट असेल तर कार्ड जून १९१८ च्या आधी टाकलेलं, कारण तेव्हा दर एक पेनी झाला. कार्डाची मागची बाजू स्कॅनच न करणारे संग्रह ही फुकट मिळणारी तारीख फेकून देतात. शिवाय टपालाचा शिक्का चित्र कधी पाठवलं ते सांगतो, कधी काढलं ते नाही. व्हॅलेंटाइन कंपनी एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं छापत असे. दोन्ही तारखांना वेगळे रकाने हवेत.

स्कॅनिंगमध्येही चुका होतात आणि त्या नोंदीत मुरतात. काचेची निगेटिव्ह उलट बाजूने ठेवली गेली तर डावं-उजवं बदलतं. दुकानाची पाटी किंवा होडीची अक्षरं असली तर लगेच कळतं. नसली तर पुरुषाच्या कोटाकडे पाहावं. पुरुषी कोटाची डावी बाजू उजवीवर येते. उलट दिसली, आणि तीही एकापेक्षा जास्त कोटांवर, तर संशय घ्यावा. त्याहून फसवा प्रकार रंगांचा. तेव्हाच्या ओल्या कोलोडियनच्या (रसायन लेपलेल्या काचेच्या) प्लेटला निळा प्रकाश फार लवकर लागतो आणि लाल जवळजवळ लागतच नाही. म्हणून त्या काळच्या चित्रांत आकाश कोरं पांढरं असतं, निळं कापड फिकट उतरतं आणि लाल काळपट. टार्टन या चौकडीच्या कापडाचा पट्टा पाहून 'हा अमुक कुळाचा' अशी नोंद करणं इथेच फसतं: लाल-हिरव्या टार्टनमधले दोन्ही रंग सारखेच गडद होतात आणि नक्षीच हरवते. हल्ली यंत्राकडून जुनी चित्रं रंगवून घेण्याची आणि वर्णनंही लिहून घेण्याची टूम आहे. यंत्र रंगाचा अंदाज करड्या छटेवरून करतं, आणि इथे छटाच दिशाभूल करणारी आहे. वर्णनाचं म्हणाल तर 'किनाऱ्यावर उभ्या असलेल्या स्त्रिया' हे यंत्र सांगेल. एसवाय अक्षरांची होडी विकच्या बंदरात का, हा प्रश्न त्याला पडणार नाही. तो पडला तरच बेटांवरून हंगामाला आलेल्या माणसांची गोष्ट उघडते.

रिकाम्या खोऱ्यांचा प्रश्न सोडवायला तर साधन तयारच आहे. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणीखात्याचे जुने नकाशे आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून पाहण्याची सोय केली आहे, तीही विनामूल्य. स्कॉटलंडचे मैलाला सहा इंच या प्रमाणाचे पहिले नकाशे १८४३ ते १८८२ या काळात मोजले गेले. त्यांत छप्पर असलेली इमारत भरीव दाखवतात, छप्पर नसलेली नुसत्या रेघांनी. विल्सनच्या चित्रातलं खोरं नकाशावर शोधा. नदीकाठी पोकळ चौकोनांचा पुंजका दिसला तर ते उठवलेलं गाव असू शकतं. स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात असं रोसल आहे, १८१४ ते १८१८ दरम्यान रिकामं केलेलं. मग सर्वेक्षकांच्या नावांच्या वह्या पाहाव्यात. प्रत्येक जागेचं नाव कसं लिहायचं हे त्यांनी गावातल्या माणसांना विचारून लिहिलं आहे. चित्राच्या नोंदीत नकाशाचा दुवा, गावाचं गेलिक नाव आणि 'या खोऱ्यातली वस्ती अमुक काळात हलवली' हे एक वाक्य, इतकं केलं की 'हायलंड' शोधणाऱ्याला वेगळाच देश दिसेल.

शहरातही हेच करता येतं. ग्लासगोच्या सुधार मंडळाने गल्ल्या पाडण्याआधी त्यांची चित्रं घ्यायला थॉमस अ‍ॅनन यांना सांगितलं. १८६८ ते १८७१ या काळात त्यांनी ती घेतली. अंधाऱ्या बोळांत प्लेटला फार वेळ लागे, म्हणून स्थिर उभी राहिलेली माणसं स्पष्ट आहेत आणि हललेली पोरं धुरासारखी. शीर्षकात पत्ता आहे: 'क्लोज (म्हणजे बोळ), ११८ हाय स्ट्रीट'. पत्ता आहे म्हणजे १८६१ आणि १८७१ च्या शिरगणतीत त्या पत्त्यावरची कुटुंबं, त्यांचे धंदे, जन्मगावं मिळू शकतात. कोणता चेहरा कोणाचा हे त्यातून सिद्ध होणार नाही, आणि तसा दावा नोंदीत करूही नये. पण 'गलिच्छ वस्ती' या शब्दाऐवजी पंधरा-वीस कुटुंबांची यादी समोर आली तर बघणाऱ्याची नजर बदलते.

मोफत-विकतचा वाद आम्ही इतका वेळ बाजूला ठेवला, कारण त्यात फारसं उरलेलं नाही. ब्रिटनमध्ये कॉपीराइट निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. अ‍ॅडमसन १८४८ ला गेले, हिल १८७० ला, अ‍ॅनन १८८७ ला, विल्सन १८९३ ला. उरतो प्रश्न स्कॅनवरच्या हक्काचा. इंग्लंड-वेल्सच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की कॉपीराइटसाठी निर्मात्याची स्वतःची सर्जक निवड दिसली पाहिजे, नुसते कष्ट आणि कौशल्य पुरत नाही. सपाट चित्राची हुबेहूब प्रत या कसोटीला उतरणं कठीण आहे. आणि व्यवहार पाहिला तर न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ पासून आपल्याकडची हिल-अ‍ॅडमसन यांची चित्रं पूर्ण खुली केली आहेत. स्कॉटिश कोळणीचं चित्र अमेरिकेतून विनाअट उतरवता यावं आणि तिच्याच देशातल्या काही संस्थांकडून छोट्या, शिक्का मारलेल्या प्रतीवर समाधान मानावं लागावं, हे टिकणारं नाही. दर्जेदार छपाई, खास स्कॅन यांचे पैसे जरूर घ्यावेत. त्यात माणसाचे श्रम आहेत.

अभिलेखपालांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे: मूळ शीर्षक हाच एक पुरावा आहे, त्याला हात लावू नये. भटक्या स्कॉटिश ट्रॅव्हलर समाजाच्या जुन्या चित्रांवर 'टिंकर' हा अपमानास्पद शब्द आहे. तो पुसला तर समाजाकडे कसं पाहिलं जात होतं याची खूण पुसली जाते, आणि जुन्या शब्दाने शोधणाऱ्या त्यांच्याच नातवंडांना आजोबा सापडत नाहीत. आक्षेप मान्य. म्हणूनच नोंद थरांची असावी: मूळ शीर्षक अवतरणात, ते कोणी दिलं यासह, त्याखाली संस्थेचं आजचं वर्णन, त्याखाली बाहेरून आलेली माहिती, सांगणाऱ्याच्या नावानिशी आणि तारखेनिशी. लोकांनी दिलेली माहिती चुकते, हेही खरं. पण विल्सनच्या कारकुनाची माहितीही चुकतच होती. फरक एवढाच की तिच्यावर कोणी सही मागितली नाही.

लोकांवर विश्वास टाकला तर काय होतं ते फोर्थ पुलाच्या पायथ्याशी दिसलं. १८९० मध्ये खुल्या झालेल्या या पुलाच्या बांधकामाची सुंदर छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली आहेत. कामावर मेलेल्यांचा आकडा पिढ्यान् पिढ्या ५७ सांगितला जात होता. क्वीन्सफेरीच्या स्थानिक इतिहासमंडळाने मृत्युनोंदी, वर्तमानपत्रं, दफनभूमी धुंडाळून तो ७३ वर नेला, नावांसकट. बांधकामाच्या चित्रांखाली ती यादी जोडायला कोणत्याही नव्या स्कॅनची गरज नाही.

ज्यांना हे काम घरबसल्या करायचं आहे त्यांनी दुरुस्ती कळवताना दुवा पाठवू नये, दालनं बदलली की दुवे तुटतात. चित्राचा नोंद क्रमांक पाठवावा. माणूस ओळखला असेल तर 'मागच्या रांगेत डावीकडून तिसरी' असं लिहावं, 'शाल घेतलेली बाई' असं नव्हे, शाली सगळ्यांनीच घेतलेल्या असतात. हे कोणी सांगितलं, कधी सांगितलं, घरातल्या कोणत्या फोटोशी किंवा कागदाशी ताडून पाहिलं, हे लिहावं. नाव घरात जसं उच्चारतात तसं आणि कागदावर जसं आहे तसं, दोन्ही द्यावं. खात्री नसेल तर 'बहुधा' लिहावं आणि तो 'बहुधा' नोंदीत तसाच ठेवावा अशी विनंती करावी.